अण्णांच्या कॅसेटी आणि चार टीबीची डिस्क

अण्णा सांगलीच्या गावभागातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ऐंशीच्या दशकात त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि तेव्हापासून मंडळाची बैठक असली की तो बरोबर असायचाच. एकादशी, सप्ताह, कुणाच्या घरची वास्तुशांत, हरिपूरला संगमावर झालेलं रात्रीचं भजन, असं सगळं त्यांनी टेप करून ठेवलं. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर त्यांच्या अक्षरात तारीख, जागा आणि साथीदारांची नावं आहेत. त्यातले बरेच आवाज आता गेले. ते ऐकायचे तर या कॅसेटीच आहेत.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या खालच्या खोल्यांत पाणी होतं, कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. पुढं २०२१ च्या जुलैत नदी परत चढली, तेव्हाच ठरवलं की हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि त्याची एक प्रत सांगलीबाहेर ठेवायची. सांगलीबाहेर म्हणजे साताऱ्याला, भाचीकडं. तिचं घर नदीपासून लांब आणि चांगलं उंचावर आहे.

उतरवण्याची हकीकत वेगळी आणि लांबलचक आहे, ती इथं सांगत नाही. एवढंच सांगतो की ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर स्टिरिओ ध्वनी साठवला तर तासाला दोन जीबीच्या थोडं वर जागा लागते, म्हणजे नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटला तीन जीबी. कॉम्प्युटरची आतली डिस्क भरत आली तेव्हा मी चार टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. अडीच इंची, यूएसबीवरच चालणारी, वेगळा अडॅप्टर न लागणारी. दुकानदार म्हणाला, "दादा, यात काही करायला लागत नाही. नुसती लावायची आणि वापरायची."

त्याचं बरोबर होतं. डिस्क कंपनीकडून फॉरमॅट होऊनच येते. पण ती येते विंडोजवाल्यांसाठी, आणि माझा कॉम्प्युटर गेली कित्येक वर्षं लिनक्सवर चालतो. लिनक्सला ती वाचता येते, लिहिताही येतं. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तर विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीमसाठी चांगला ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. तरी वर्षानुवर्षं जपायची गोष्ट मला माझ्या सिस्टीमच्या स्वतःच्या फाइल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या तिच्या स्वतःच्या पद्धतीवर, हवी होती. तिची दुरुस्तीची साधनं माझ्या हाताशी असतात आणि काही बिघडलं तर मला ते समजतं. उलट भाचीकडं विंडोजचा लॅपटॉप. तिला आजोबांची भजनं ऐकायची तर ती लिनक्स कुठून आणणार? फोनवर तिनं सरळच विचारलं, "मामा, माझ्याकडं उघडणार ना ती डिस्क? का नुसती कपाटात ठेवायची?"

तिच्या प्रश्नावरच पुढचं सगळं ठरलं. डिस्कचे किती भाग करायचे, कुठल्या भागावर कुठली फाइल सिस्टीम घालायची, हे सगळं ती डिस्क कोण वाचणार यावरून ठरतं. फॉरमॅट करायला बसण्याआधी हे कागदावर लिहून काढावं असं मी आता सगळ्यांना सांगतो. मी लिहिलं ते असं: मूळ ध्वनी, हात न लावलेला, फक्त माझ्यासाठी आणि माझ्यानंतर जो कोणी हे काम पुढं नेईल त्याच्यासाठी; त्याला लिनक्सची ईएक्सटी४. साफ केलेल्या, तुकडे पाडलेल्या, ऐकण्यासाठीच्या फाइली घरातल्या सगळ्यांसाठी, त्याला एक्सफॅट. म्हणजे एका डिस्कवर दोन पार्टिशन, दोन वेगळे भाग.

फॅट३२ ही जुनी फाइल सिस्टीम का नको, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. फॅट३२ सगळीकडं चालते, अगदी जुन्या गाडीच्या टेपमध्येसुद्धा. पण तिथं एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. माझ्या हिशेबात दोन तास आणि वर चार-पाच मिनिटं झाली की ती मर्यादा आली. सप्ताहातली एखादी बैठक सलग जोडली की सहज त्यापुढं जाते. एक्सफॅटला ही अडचण नाही. ती मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये आणली आणि लिनक्स कर्नलमध्ये ती नीट बसली ती २०२० मध्ये. आता विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडं ती वेगळं काही न घालता चालते.

आता प्रत्यक्ष काम. यात एकच जागा अशी आहे की जिथं घाई केली तर सगळं जाऊ शकतं, आणि ती म्हणजे आपण कुठल्या डिस्कवर बसलोय हे ओळखणं. माझ्या कॉम्प्युटरात आधीच दोन डिस्क आहेत. एकीवर सिस्टीम आहे, दुसरीवर कॅसेटींचं उतरवलेलं काम. लिनक्स त्यांना एसडीए, एसडीबी अशी नावं देतो आणि नवी लावली की ती एसडीसी होते. पण ही नावं डिस्कला चिकटलेली नसतात. कॉम्प्युटर सुरू होताना कोण आधी सापडली यावर ती ठरतात. काल जी एसडीसी होती ती आज एसडीबी असू शकते. म्हणून डिस्क लावायच्या आधी एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड दिली, डिस्क लावली, परत तीच दिली आणि नवीन काय आलं ते पाहिलं. एवढ्यावरही मी थांबलो नाही. याच कमांडला कुठले रकाने दाखवायचे ते सांगता येतं. नाव, आकार, मॉडेल, सिरियल नंबर आणि जोडणीचा प्रकार एवढे रकाने मागितले. जोडणीच्या रकान्यात आतल्या दोन्ही डिस्कपुढं साटा आलं आणि नवीन डिस्कपुढं यूएसबी. सिरियल नंबर डिस्कच्या पाठीवरच्या स्टिकरशी ताडून बघितला. स्टिकरवरची अक्षरं बारीक असतात, मोबाइलवर फोटो काढून मोठा केला.

त्यानंतर पुढच्या प्रत्येक कमांडमध्ये मी एसडीसी हे नाव वापरलंच नाही. डिव्हाइसच्या फोल्डरात 'बाय-आयडी' नावाचा एक उपफोल्डर असतो. तिथं प्रत्येक डिस्कचं लांबलचक नाव असतं आणि त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही येतात. टाइप करायला लांब आहे खरं, पण टॅब दाबला की ते आपोआप पूर्ण होतं. अण्णांच्या कामाची एकुलती एक डिजिटल प्रत शेजारच्याच डिस्कवर असताना एसडीबी आणि एसडीसी यांतल्या एका अक्षरावर विसंबायला माझं मन तयार नव्हतं.

आकारावरून ओळखणाऱ्यांसाठी एक सांगतो. खोक्यावर चार टीबी लिहिलेलं असतं आणि एलएसबीएलके ३.६ टी दाखवते. डिस्क कमी भरलेली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, ही कमांड एक हजार चोवीसच्या. चार वेळा भागाकार होतो म्हणून फरक एवढा दिसतो.

नवीन डिस्क तपासल्याशिवाय तिच्यावर काही ठेवायचं नाही, हा माझा शिरस्ता आहे. नवी डिस्क बिघडायची असेल तर बऱ्याचदा सुरुवातीच्या दिवसांतच बिघडते, आणि तेव्हा ती बदलूनही मिळते. स्मार्टसीटीएल नावाचं साधन डिस्कच्या आतल्या नोंदी वाचतं. यूएसबीच्या खोक्यातली डिस्क असेल तर त्याला 'साट' प्रकारानं बोल असं सांगावं लागतं, नाहीतर काही खोकी दाद देत नाहीत. मी तीन नोंदी बघतो. खराब निघून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे) किती, बदलायच्या रांगेत असलेले किती, आणि वाचताच न आलेले किती. तिन्हीकडं शून्य होतं. मग मोठी चाचणी लावली, ज्यात डिस्क स्वतःच स्वतःला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढते. चार टीबीला तासन्‌तास लागतात. किती लागतील त्याचा अंदाज स्मार्टसीटीएल आधीच सांगतं. ती रात्रीवर टाकली.

यात एक खोच आहे. अडीच इंची यूएसबी डिस्क काही वेळ कुणी काही विचारलं नाही की झोपी जाते, आणि झोपली की चाचणी अर्ध्यात तुटते. म्हणून दुसऱ्या खिडकीत एक छोटी ओळ चालू ठेवली. ती दर मिनिटाला डिस्कला तिची स्थिती विचारत राहते. डिस्क जागी राहते आणि किती टक्के झालं तेही दिसत राहतं. सकाळी पाहिलं तर चाचणी चूक न सापडता पूर्ण झालेली होती.

काहीजण याच्याही पुढं जाऊन बॅडब्लॉक्स नावाचं तपासणीचं साधन चालवतात. त्याच्या लिहिण्याच्या चाचणीत चार वेगवेगळे नमुने अख्ख्या डिस्कवर लिहून परत वाचले जातात. सेकंदाला शंभर एमबी वेग धरला तर चार टीबीची एक फेरी अकरा तासांची, आणि अशा आठ फेऱ्या. म्हणजे जवळजवळ चार दिवस. शिवाय आताच्या मोठ्या अडीच इंची डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. अशा डिस्कवर इतकं दळण दळण्यात मला अर्थ वाटला नाही. मी ते केलं नाही.

आता पार्टिशनचा तक्ता, म्हणजे कुठला भाग कुठून कुठवर आहे याची डिस्कवरची नोंद. जुनी पद्धत एमबीआरची, १९८३ पासूनची. तिच्यात सेक्टरचा आकडा ३२ बिटचा असतो. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर ती २.२ टीबीच्या पुढं मोजूच शकत नाही. चार टीबीच्या डिस्कला नवी पद्धत, जीपीटीच लागते. जीपीटीची मला आवडणारी गोष्ट अशी की ती आपला तक्ता डिस्कच्या सुरुवातीला ठेवते आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी. एक खराब झाला तर दुसरा असतो. पण यामुळंच जुना तक्ता पुसताना नुसती डिस्कची सुरुवात पुसून भागत नाही. शेवटची प्रत राहून जाते आणि नंतर एखादं साधन 'दोन्ही जुळत नाहीत' म्हणून तक्रार करतं. एसजीडिस्क या तक्ता हाताळणाऱ्या साधनाला 'झॅप ऑल' सांगितलं की ते दोन्हीकडचं साफ करतं. पुसायच्या आधी डिस्कवर कंपनीनं काय ठेवलं होतं ते उघडून बघितलं. वॉरंटीची पीडीएफ होती, ती कॉपी करून घेतली.

नवीन तक्ता मी जीडिस्क या त्याच्याच जोडीच्या साधनानं केला. ते एका अक्षराच्या आज्ञा घेतं. ओ म्हणजे नवा जीपीटी तक्ता, एन म्हणजे नवीन पार्टिशन, पी म्हणजे दाखव, डब्ल्यू म्हणजे लिही. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीही बदलत नाही, सगळं मेमरीत असतं. त्यामुळं शांतपणे बघत बसता येतं, मनासारखं नसलं तर क्यू दाबून बाहेर पडता येतं. पहिलं पार्टिशन कुठून सुरू करायचं ते विचारल्यावर नुसतं एंटर मारलं. ते २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे एक एमबी सोडून सुरू होतं. ही जागा वाया जात नाही. आजच्या डिस्क आतून ४०९६ बाइटचे तुकडे वापरतात आणि बाहेर ५१२ चे दाखवतात. पार्टिशन त्या मोठ्या तुकड्याच्या हद्दीवर सुरू झालं नाही तर प्रत्येक लिहिण्यात डिस्कला दोन तुकडे हाताळावे लागतात आणि ती मंदावते. एक एमबीवर सुरू केलं की हा प्रश्न राहत नाही. शेवट विचारल्यावर अधिक ५०० जी असं दिलं, आणि उरलेली सगळी जागा दुसऱ्या पार्टिशनला.

मग आलं पार्टिशनच्या प्रकाराचं. बहुतेक लोक इथं नुसतं एंटर मारून पुढं जातात. जीपीटीच्या तक्त्यात प्रत्येक भागापुढं तो कसला आहे याची खूण असते. फाइल सिस्टीम प्रत्यक्षात कुठली आहे याच्याशी तिचा थेट संबंध नाही, ती फक्त पाटी असते. पण विंडोज ती पाटी वाचतं. एक्सफॅटच्या भागावर लिनक्सची पाटी लावली तर विंडोज त्याला ड्राइव्हचं अक्षर देत नाही, भाचीला काहीच दिसलं नसतं. म्हणून पहिल्या भागाला ०७०० हा कोड दिला, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा साधा डेटा. दुसऱ्याला ८३००, म्हणजे लिनक्सची फाइल सिस्टीम.

दुसऱ्याची पाटी तर जास्तच महत्त्वाची. ईएक्सटी४ च्या भागावर मायक्रोसॉफ्टची पाटी असेल तर विंडोज त्याला अक्षर देतं, आतलं वाचायला जातं, त्याला काही कळत नाही आणि मग ते विचारतं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? घरातल्या कुणीही साध्या मनानं 'हो' म्हणावं असाच तो प्रश्न असतो. पूर्वी लिनक्सचे भागही याच पाटीखाली नोंदले जायचे, त्यामुळं हा धोका खरोखरचा होता. आता लिनक्सची स्वतंत्र खूण आहे. ती लावलेली असली की विंडोज त्या भागाला अक्षर देत नाही आणि तो प्रश्न येत नाही. मूळ रेकॉर्डिंग ज्या भागावर राहणार, त्याच्यासाठी एवढी काळजी घ्यायलाच हवी होती. पी दाबून दोन्ही पाट्या परत वाचल्या, मग डब्ल्यू.

ईएक्सटी४ घालताना मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, राखीव जागा शून्य. ही फाइल सिस्टीम एरवी पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, बाजूला ठेवते. सिस्टीमची डिस्क भरली तरी कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून ती सोय आहे, आणि तिथं ती योग्यच आहे. पण जिथं फक्त फाइली ठेवायच्या तिथं माझे पाच टक्के म्हणजे सुमारे १७० जीबी होतात. ऐंशी तासांचं भजन त्यात मावतं. दुसरी, फाइली मोठ्या असणार हे आधीच कळवायचं. ईएक्सटी४ प्रत्येक १६ केबीमागं एक आयनोड आखून ठेवते, आणि एक आयनोड म्हणजे एका फाइलची नोंद. माझ्या भागावर असे एकवीस कोटींच्या आसपास झाले असते. प्रत्येकाला २५६ बाइट धरले तर ५४ जीबी नुसत्या रिकाम्या नोंदींनी खाल्ले असते. माझ्या फाइली काही हजार. 'लार्जफाइल' हा प्रकार दिला की एका एमबीमागं एक आयनोड पडतो. तेहतीस लाख झाले, तेही भरपूर आहेत. ही गोष्ट फॉरमॅट करतानाच ठरवावी लागते. राखीव टक्केवारी नंतर ट्यून२एफएसनं कधीही बदलता येते, आयनोडचं प्रमाण मात्र परत फॉरमॅट केल्याशिवाय बदलत नाही.

तिसरी गोष्ट लेबल, म्हणजे नाव. मला मराठीत नाव द्यायचं होतं. ईएक्सटी४ च्या लेबलाला १६ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळी चिन्हं वेगळी मोजली जातात. 'कृष्णा' मनात होतं. क, ऋकार, ष, हलन्त, ण, काना, म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाइट. बसत नाही. 'ठेवा' चार चिन्हांत, बारा बाइटांत बसतं. तेच दिलं.

हाच हिशेब फाइलींच्या नावांना लागतो, आणि मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकानं तो लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. ईएक्सटी४ वर फाइलचं नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकतं. इंग्रजी असेल तर २५५ अक्षरं, मराठी असेल तर फार तर ८५ चिन्हं. 'एकादशी' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, फाइल सिस्टीमच्या लेखी तो अठरा बाइटांचा आहे. एक्सफॅट वेगळ्या रीतीनं मोजते. तिथं देवनागरीची २५५ चिन्हं चालतात. म्हणजे एक्सफॅटवर दिलेलं लांब मराठी नाव ईएक्सटी४ वर कॉपी करताना 'नाव फार लांब' म्हणून अडू शकतं. अण्णांच्या कागदावरची तारीख, जागा, प्रसंग आणि चार साथीदार असं सगळं नावात भरलं तर ८५ चिन्हं कधीच ओलांडली जातात. म्हणून नावात फक्त तारीख, जागा आणि कॅसेटचा क्रमांक ठेवला, बाकी सगळं त्याच नावाच्या मजकूर फाइलीत. उलट बाजूनं एक्सफॅटला नावात विसर्गासारखा दिसणारा कोलन, प्रश्नचिन्ह किंवा दुहेरी अवतरण चालत नाही, ईएक्सटी४ ला चालतं. वेळ १०:३० अशी लिहिलेली नावं आधीच बदलून १०-३० करून घेतली.

एक्सफॅटच्या भागाला 'भजन' नाव दिलं आणि बाकी काही न सांगता फॉरमॅट केला. दोन्ही मिळून काही क्षणांचं काम. एवढ्या झटपट होतं याचा अर्थ जुनं काही पुसलं जात नाही, फक्त नवी आखणी होते. वापरलेली डिस्क दुसऱ्याला द्यायची असेल तेव्हा हे ध्यानात ठेवावं.

नवीन ईएक्सटी४ भाग माउंट केला, म्हणजे सिस्टीमला जोडून उघडला, की त्यात 'लॉस्ट अँड फाउंड' हा एकच फोल्डर दिसतो आणि आपल्याला तिथं काही लिहिता येत नाही. पुष्कळांना वाटतं डिस्कच बिघडली. तसं नसतं. वरच्या फोल्डरचा मालक रूट असतो एवढंच. चाउन या कमांडनं मालकी एकदा आपल्या नावावर केली की झालं. ती डिस्कवरच लिहिली जाते, परत करावी लागत नाही. एक्सफॅटमध्ये मालकी वगैरे काही साठवलंच जात नाही, तिथं माउंट करणारा तोच मालक.

घरच्या कॉम्प्युटरवर डिस्क नेहमी एकाच जागी जोडली जावी म्हणून एफस्टॅब फाइलीत, म्हणजे सुरू होताना काय काय जोडायचं याच्या यादीत, ओळ घातली. एसडीसी या नावानं घातली नाही, यूयूआयडीनं घातली. फॉरमॅट करताना तयार होणारा तो क्रमांक डिस्क कुठल्याही पोर्टला लावली तरी तोच राहतो आणि बीएलकेआयडी या कमांडनं दिसतो. त्या ओळीत 'नोफेल' हा शब्द हवाच. तो नसेल आणि डिस्क लावलेली नसेल, तर कॉम्प्युटर सुरू होताना दीड मिनिट तिची वाट बघतो आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर जाऊन थांबतो. जी डिस्क पिशवीत घालून बाहेर न्यायची आहे, तिच्यासाठी ही सोय केलीच पाहिजे.

कॉपी करण्याआधी मूळ फाइलींची शा२५६ची यादी केली. प्रत्येक फाइलीतून एक लांब आकडा निघतो. फाइलीत एक बिट जरी बदललं तरी तो आकडा बदलतो. मग आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनानं ईएक्सटी४ च्या भागावर सगळं पाठवलं. एक्सफॅटला पाठवताना नेहमीचा 'ए' पर्याय वापरला नाही. तो मालकीही बदलायला जातो आणि एक्सफॅट नकार देते, मग पडदा तक्रारींनी भरतो. तिथं फोल्डर आणि वेळ एवढंच सांगितलं, आणि वेळेत एका सेकंदाचा फरक माफ करायला सांगितलं, कारण दोन्ही फाइल सिस्टीम वेळ सारख्याच बारकाईनं नोंदवत नाहीत.

सगळं गेल्यावर डिस्क काढून, परत लावून, यादीवरून प्रत्येक फाइल पडताळली. काढून परत लावण्याला कारण आहे. लिनक्स नुकतीच कॉपी केलेली माहिती मेमरीत धरून ठेवतो आणि लगेच तपासायला गेलं तर डिस्कवरून न वाचता मेमरीतूनच वाचून देऊ शकतो. मग आपण डिस्क तपासलीच नाही असं होतं. काढतानाही नुसती केबल ओढायची नाही. पडद्यावर कॉपी संपलेली दिसते तेव्हा बरंच काही अजून मेमरीत असतं. अनमाउंट करायचं, त्याला वेळ लागला तर लागू द्यायचा, मग यूडिस्कसीटीएलला पॉवर बंद करायला सांगायचं. आतली तबकडी थांबल्याचा बारीक आवाज हाताला जाणवतो. मग केबल. ईएक्सटी४ ला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही असते, अचानक वीज गेली तर ती बरंच सावरून घेते. एक्सफॅटला तसलं काही नाही, म्हणून भाचीला फोनवर हे आवर्जून सांगितलं. "मामा, पेन ड्राइव्ह तर मी नेहमी तशीच ओढते," ती म्हणाली. म्हटलं, "पेन ड्राइव्हचं तुझं तू बघ. हिला मात्र 'इजेक्ट' केल्याशिवाय हात लावायचा नाही."

तशीच दुसरी डिस्क घेतली, त्याच क्रमानं सगळं परत केलं आणि ती साताऱ्याला दिली. पहिली इथंच, वरच्या मजल्यावर. भाचीनं लॅपटॉपला लावल्या लावल्या 'भजन' हे नाव तिला दिसलं, 'ठेवा' दिसलं नाही. पाटीचं काम झालं होतं.

तिच्या डिस्कच्या पाकिटात एक कागद घातलाय. त्यावर लिहिलंय की या डिस्कवर दोन भाग आहेत, एक विंडोजला दिसतो आणि दुसरा दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या भागात मूळ आवाज आहेत. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो भाग कोरा किंवा अनोळखी दिसला तरी तिथं नवीन काही बनवू नका. मूळ वाचायचं असेल तर लिनक्सची कुठलीही लाइव्ह पेन ड्राइव्ह चालेल. सगळ्यात वरच्या फोल्डरात शा२५६ची यादी आहे, ती वर्षातून एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी येऊन पडताळीन. मी नसलो तर ती कशी पडताळायची, ती कमांड खाली पूर्ण लिहून ठेवली आहे.